आंदणात गेलेली मुंबई



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती, विणकामाचे नमुने आणि जात्यावरच्या ओव्या दर खेपेस असतात. या खेपेस इतिहासावरही कोणी लिहावे असे चिटणीसबाईंच्या मनात आले व ते काम त्यांनी मजकडे दिले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण दुपारची झाकपाक झाली की वाचनालयातले पुस्तक घेऊन बसावयाचे, ही सवय लग्नाआधीपासूनची आहे, ती सासरीही कोणी मोडली नाही. तेवढ्या भांडवलावर हे लिहीत आहे.

विषय घेतला आहे मुंबईचा. आपल्या जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे, लोणार आहे, मेहकर आहे. ते सोडून ही बाई मुंबईला कशाला निघाली, असे कोणी म्हणेल. तर त्याला कारण आहे. मुंबई एका नवरीच्या आंदणात दिली गेली, हे शाळेत एका ओळीत शिकवतात आणि पुढे जातात. त्या ओळीपाशी बायकांनी थोडे थांबून पाहावे असे मला नेहमी वाटत आले. दुसरे असे की, मुंबईची श्रीमंती ज्या कापसावर उभी राहिली त्यातला पुष्कळ आपल्या काळ्या मातीतला आहे. आपण मलकापूरला नाहीतर शेगावला रात्री गाडीत बसतो आणि सकाळी मुंबईत उतरतो. पण ते रूळ मुळात तुमच्या-माझ्यासाठी पडले नाहीत, कापसाच्या गाठींसाठी पडले.

आज मुंबईत कोठेही फिरा, सलग जमीन दिसते. पूर्वी ती सात बेटे होती: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. मधून खाड्या. भरतीला पाणी आत शिरावयाचे आणि ओहोटीला चिखल उरावयाचा. वस्ती कोळ्यांची, आगऱ्यांची, भंडाऱ्यांची. मासे धरावे, मीठ पिकवावे, नारळी-ताडी राखाव्या, थोडा भात काढावा, हा व्यवसाय. कोळ्यांची देवी मुंबाआई, तिच्यावरून गावाचे नाव. पोर्तुगीजांच्या भाषेत 'चांगला उपसागर' अशा अर्थाचे जे शब्द आहेत त्यांवरून हे नाव पडले, असे कोठे कोठे छापलेले असते. मला ते पटत नाही. देवी आधीची, पोर्तुगीज मागाहूनचे. घरच्या बाईचे नाव सोडून पाहुण्याच्या तोंडचे नाव खरे कसे मानावे?

त्या काळात मुंबईला कोणी बंदर म्हणत नसे. मोठी बंदरे म्हणजे सोपारा, कल्याण, ठाणे, चौल. सोपाऱ्यास अशोकाचे शिलालेख सापडले आहेत. जवळच साष्टी बेटावर कान्हेरीची लेणी, आणि समोर समुद्रात घारापुरीचे ते तीन मुखांचे प्रचंड शिवशिल्प. घारापुरीस काळ्या दगडाचा एक मोठा हत्ती होता, त्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटास 'एलिफंटा' म्हटले. पुढे इंग्रजांनी तो हत्ती हलवावयास घेतला तेव्हा तो फुटला. तुकडे सांधून आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा केलेला आहे. त्या बागेचे नाव हल्ली जिजामाता उद्यान. आपल्या सिंदखेडच्या लेकीच्या दारात तो हत्ती झुलतो आहे, हे पाहून मला फार बरे वाटले. आपल्यापैकी कोणी मुंबईस गेली तर अवश्य पाहावा.

राज्यकर्ते बदलत गेले ते भराभर सांगते. उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य होते. वाळकेश्वर आणि बाणगंगा हे ठिकाण त्यांच्या काळाशी जोडतात, आणि अंबरनाथचे शिवालय तर त्यांच्याच वेळचे, सन १०६० चे. तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव यादवाने त्यांचे राज्य घेतले. बोरिवलीजवळ एकसर गावात वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. लोणारच्या बाजूसही यादवांचेच राज्य, म्हणजे तेव्हा थोडा काळ आपण आणि ती बेटे एकाच राजाची प्रजा होतो. त्यानंतर आला बिंबराजा. त्याची हकीकत 'महिकावतीच्या बखरी'त आहे. ही बखर इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२४ साली छापली. बिंबाने माहीम हे आपले ठाणे केले, संगती नाना जातींची कुटुंबे आणली, नारळी-पोफळी लावल्या, असे बखर सांगते. त्या कुटुंबांचे वंशज आजही मुंबईत आहेत व आपले मूळ सांगतात.

मग गुजरातच्या सुलतानांचा अंमल. या काळातले एक नाव मात्र घेतलेच पाहिजे. माहीमला मखदूम अली माहिमी म्हणून मोठे विद्वान सत्पुरुष होऊन गेले. सन १४३१ मध्ये ते वारले. त्यांची एक गोष्ट सांगतात. लहानपणी एके रात्री आईने पाणी मागितले. मुलगा पाणी घेऊन आला तो आईला डोळा लागलेला. उठवावे तर झोपमोड, ठेवून जावे तर जाग आल्यावर तिला शोधावे लागेल. म्हणून तो पोर भांडे हातात धरून पहाटेपर्यंत उभा राहिला. आईने उठून जो आशीर्वाद दिला त्याने तो मोठा झाला. आपल्याकडील पुंडलिकाची गोष्ट जिला ठाऊक आहे तिला ही निराळी वाटणार नाही. माहीमच्या दर्ग्याच्या उरुसात संदलाचा पहिला मान आजही मुंबईच्या पोलिसांचा असतो.

सन १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा पेचात सापडला. एका बाजूने मोगल बादशहा हुमायून चाल करून येणार, दुसऱ्या बाजूने समुद्रात पोर्तुगीज. त्याने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला. त्या मुलखात ही बेटेही गेली. त्यांना वसई महत्त्वाची, मुंबई नव्हे. मुंबईचे बेट त्यांनी गार्सिया द ऑर्ता नावाच्या एका वैद्यास खंडाने दिले. हा मनुष्य औषधी वनस्पतींचा मोठा जाणकार होता. सन १५६३ मध्ये त्याने गोव्यात या विषयावर एक ग्रंथ छापविला. हिंदुस्थानात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांत तो मोडतो. ऑर्ता जन्माने यहुदी कुळातला. तो मेल्यावर त्याच्या बहिणीस गोव्याच्या धर्मन्यायालयाने जिवंत जाळले, आणि सन १५८० मध्ये खुद्द त्याची हाडे उकरून काढून जाळली. ज्या वैद्याने आयुष्यभर राजाच्या माणसांची नाडी पाहिली त्याच्या वाट्यास हे यावे! पोर्तुगीजांच्या वेळी किनाऱ्यावरील पुष्कळ कोळी व आगरी कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यांच्या घरी आजही मराठीच बोली चालते आणि लग्नात हळद असते.

आता आंदणाची गोष्ट.

पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचे लग्न इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी ठरले. तह झाला तारीख २३ जून १६६१ रोजी. पोर्तुगालला शेजारच्या स्पेनचे भय होते, डच लोक समुद्रावर त्यांची ठाणी एकामागून एक घेत होते. तेव्हा जावई बलवान हवा. चार्ल्सला पैसा हवा. देणे-घेणे ठरले ते असे: वीस लाख पोर्तुगीज नाणी रोख, आफ्रिकेच्या टोकावरील टँजियर हे शहर, आणि मुंबई. पैकी रोख रक्कम पुरती निघेना. तेव्हा निम्म्याच रकमेवर भागवावे लागले, आणि तीही बरीचशी साखर, मसाले व हुंड्या यांच्या रूपाने जहाजावर चढविली. त्यावरून इंग्रजांकडे जी कुरबुर झाली ती वाचताना मला आपल्याकडच्या मांडवात ऐकलेली बोलणी आठवली. राजवाडा असो की घर, हुंड्याची भाषा एकच.

मुंबई कोठे आहे हे त्या सोयऱ्यांपैकी बहुतेकांस ठाऊक नव्हते. इंग्लंडच्या मोठ्या प्रधानास ती ब्राझीलच्या जवळपास असावी असे वाटत होते, असे सांगतात. आणि ज्यांचे घर, ज्यांची होडी, ज्यांचे मीठ, त्या कोळ्या-आगऱ्यांस तर विचारण्याचा प्रश्नच नव्हता. आपण आज कोणाचे आणि उद्या कोणाचे, हे त्यांना सारा मागणाऱ्याचा पोशाख बदलला म्हणजे कळावयाचे.

नवरीलाही कोठे विचारले होते म्हणा! कॅथरिन २३ वर्षांची, भाषा निराळी, पंथ निराळा. १६६२ च्या मे महिन्यात लग्न लागले आणि थोड्याच दिवसांत राजाने आपली ठेवलेली बाई हिच्याच महालात मानकरीण म्हणून नेमली. ही रडली, संतापली, पण काही चालले नाही. पुढे तिला मूल झाले नाही. तेव्हा हिला सोडून दुसरी करा म्हणणारेही निघाले, पण राजाने तेवढे केले नाही. तिने सोबत चहाची आवड नेली होती आणि तिच्यामुळे इंग्लंडच्या मोठ्या घरांत चहाची रीत वाढली. पतीच्या मागे काही वर्षांनी ती माहेरी परतली व तिने तेथे काही काळ राज्यकारभारही चांगला पाहिला. सन १७०५ मध्ये वारली. आपल्या आंदणातले बेट तिने जन्मात पाहिले नाही.

हिंदुस्थानात हुंडाबंदीचा कायदा झाला तो १९६१ साली. मुंबई आंदणात गेल्याला तेव्हा बरोबर ३०० वर्षे झाली होती. हा योगायोग मला कोठल्या पुस्तकात सापडला नाही, आकडेमोड करताना ध्यानात आला. कायदा होऊन इतका काळ लोटला तरी आपल्या मंडळापुढे अजून कशा तक्रारी येतात, ते आपण जाणताच. नाव बदलते इतकेच. कोठे गाडी, कोठे 'मुलीच्या हौसेखातर'.

असो. आंदण ठरले तरी ते हाती यावयास फार दिवस लागले. इंग्रज सरदार अब्राहम शिपमन चारशेच्या आसपास शिपाई घेऊन मुंबईच्या किनाऱ्याशी आला, तो पोर्तुगीज अधिकारी बेट सोडीना. कागदात ही खोट, ती खोट. गोव्याच्या व्हाइसरॉयने तर आपल्या राजास कळविले की, इंग्रज मुंबईत बसले त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला समजा. फार दूरदृष्टीचा मनुष्य! तोवर ते शिपाई कारवारजवळ अंजदीव नावाच्या उजाड बेटावर पडून राहिले. ताप, हगवण, खराब पाणी. शिपमन तेथेच वारला. सन १६६५ च्या फेब्रुवारीत जेव्हा त्याचा दुय्यम हंफ्रे कुक याने ताबा घेतला, तेव्हा शिपायांपैकी शंभरही उरले नव्हते. त्यातही पोर्तुगीज म्हणत, आम्ही मुंबईचे एकटे बेट दिले, माहीम दिले नाही. कुकने थोड्याच दिवसांत माहीमही बळकावले. आंदणात एक भांडे कबूल करावे आणि वरातीबरोबर आख्खी उतरंड जावी, तसे झाले.

इतके करून राजाला ते बेट परवडेना. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकले. भाडे वर्षाला १० पौंड. मला पूर्वी वाटे, एवढे थोडे भाडे जगात दुसऱ्या कशाचे नसेल. पण भूमध्य समुद्रात माल्टा नावाचे बेट आहे, ते १५३० साली तिकडच्या बादशहाने एका धर्मवीरांच्या संघास दिले, ते वर्षाला एका शिकारी ससाण्याच्या बोलीवर! त्या बेटाचेही आपल्या मुंबईसारखेच. पुढे १७९८ मध्ये नेपोलियनने घेतले, १८०० मध्ये इंग्रजांनी, आणि स्वतंत्र झाले १९६४ मध्ये. मुंबईची आंदणातली जोडीदारीण टँजियर, तिचे तर इंग्रजांना ओझे झाले. १६८४ साली स्वतःच बांधलेला धक्का सुरुंगांनी उडवून ते तेथून निघून गेले. मुंबई मात्र त्यांना सोडवली नाही.

कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड अँजियर याने या चिखलाचे गाव केले. येथे या, व्यापार करा, आपापला धर्म पाळा, कोणी आडवे येणार नाही, असे त्याने व्यापाऱ्यांना सांगितले. गुजराती वाणी आले, पारशी आले, आर्मेनियन आले. पण हवा फार वाईट. नवा आलेला इंग्रज दोन पावसाळे काढील तर पुष्कळ, असा बोलवा होता.

त्याच सुमारास महाराष्ट्रात काय चालले होते ते सांगावयास नको. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यास मुंबईहून हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील नजराणा घेऊन हजर होता. मातोश्री जिजाबाईंनी तो सोहळा पाहिला आणि १७ जूनला त्या गेल्या. १५९८ साली आपल्या सिंदखेडात जन्मलेल्या मुलीच्या मुलापुढे मुंबईचा इंग्रज कमरेत वाकून मुजरा करतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. पुढे १६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या बंदराच्या तोंडाशीच खांदेरी बेटावर किल्ला बांधावयास घेतला. इंग्रजांनी तो हाणून पाडण्याची शिकस्त केली, सिद्दी त्यांच्या बाजूने उतरला, पण किल्ला मराठ्यांकडेच राहिला.

दहा वर्षांनी तोच सिद्दी मुंबईवर उलटला. सन १६८९ मध्ये सिद्दी याकूतखानाने बेटावर उतरून इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. त्या वेळी कंपनीने औरंगजेबाकडे गयावया केली, दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा सुटका झाली. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि मराठे माहीमच्या खाडीपलीकडे येऊन ठेपले. मुंबईत असा धाक बसला की किल्ल्याभोवती खंदक खणावयाचे ठरले व व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढून दिली. मराठ्यांनी मुंबई का घेतली नाही, असा प्रश्न मला पडतो. एवढे जवळ येऊन! उलट १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीच ठाणे-साष्टी घेतली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात ती त्यांच्याकडे कायम झाली.

इंग्रजांनी बेटे जोडली, ती राज्य मिळवण्याइतकीच मोठी गोष्ट झाली. वरळी आणि मुंबई यांच्या मधल्या खिंडारातून समुद्र आत घुसे. गव्हर्नर हॉर्नबी याच्या वेळी तेथे बांध घातला, तो १७८४ मध्ये पुरा झाला. बांध बांधावा आणि ढासळावा, असे चालले होते. तेव्हा रामजी शिवजी या प्रभू कारागिराच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढ म्हणाली, आणि त्या काढल्यावर बांध टिकला, अशी दंतकथा आहे. तेच महालक्ष्मीचे देऊळ. मुंबाआईचे मात्र उलटे. तिचे देऊळ बोरीबंदराच्या बाजूस होते, ते अठराव्या शतकात तेथून हलविले गेले आणि आता काळबादेवी-झवेरी बाजाराच्या गर्दीत आहे. जिच्या नावाचे गाव तिलाच गावात बिऱ्हाड बदलावे लागले.

माहीम आणि वांद्रे यांच्या मधल्या खाडीत होड्या उलटत आणि माणसे बुडत. पूल बांधा म्हटले तर सरकारजवळ पैसा नाही. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई पुढे आल्या. त्यांनी एकंदर १,५७,००० रुपये दिले. अट एवढीच की, रस्त्यावरून जाणाऱ्याकडून टोल घेऊ नये. १८४५ साली माहीमचा तो बांधरस्ता खुला झाला. त्याला जोडून असलेल्या रस्त्याचे नाव आजही लेडी जमशेटजी रोड. गव्हर्नरांच्या नावांपेक्षा मला हे एक नाव अधिक मोलाचे वाटते.

येथून गोष्ट आपल्या अंगणात येते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. त्यानंतर पुढच्याच महिन्यात, मे १८५३ मध्ये, निजामाने इंग्रजांच्या फौजेच्या खर्चाचे कर्ज थकले म्हणून वऱ्हाड प्रांत कंपनीच्या हवाली केला. मुंबई आंदणात गेली, आपण कर्जापोटी गहाण पडलो. आपल्यालाही कोणी विचारले नाही. इंग्रजांना वऱ्हाड हवा होता तो कशासाठी, हे आपल्या बांधावरची पऱ्हाटी सांगेल. त्यापूर्वी आपला कापूस बैलांच्या पाठीवर लादून लमाणांचे तांडे पार गंगेकाठी मिर्झापूरपर्यंत नेत. पुढे एका पारशी पेढीने तो थेट मुंबईस धाडावयास सुरुवात केली. घाट उतरेपर्यंत निम्मा धुळीने माखे, पावसात सापडला तर भिजून वजन वाढे आणि माल कुजे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग साऱ्या जगाची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली आणि तो जावयाचा मुंबईच्या बंदरातून. भाव असे चढले की गाद्या-उशांतला कापूस काढून लोकांनी विकला. वऱ्हाड-नागपूरकडच्या शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसविल्या, असे सांगतात. मुंबईत तर पैशाचा पूर आला. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांवर लोक तुटून पडले. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील लढाई संपल्याची बातमी आली, आणि सारे कोसळले. पेढ्या बुडाल्या, बँका बुडाल्या. या साऱ्या उलाढालींचा सूत्रधार प्रेमचंद रायचंद. त्याने तेजीच्या दिवसांत विद्यापीठास जे दान दिले त्यातून घड्याळाचा मनोरा उभा राहिला. तो १८७८ साली पुरा झाला. मनोऱ्यास नाव त्याने आईचे दिले: राजाबाई. तिला दिसत नव्हते, आणि जैन रीतीप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवावयाचे, तर घंटेवरून वेळ कळावी, असे त्यामागचे कारण सांगतात.

तेजी गेली पण कापसाचा रस्ता पडला तो पडलाच. १८६७ पर्यंत लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करीत नागपूरला पोहोचला. खामगावच्या बाजारातील माल तर इतका, की जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा टाकला. १८७० साली तो उघडावयास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावी आला होता! आज आपण त्या फाट्यावरच्या लहानशा गाडीकडे पाहून हसतो. पण त्या काळी दिल्ली-कलकत्त्याच्या माणसांस खामगाव हे नाव ठाऊक होते. कापूस खामगावी यावयाचा, जिनात सरकी निघावयाची, रुईच्या गाठी दाबावयाच्या आणि त्या मुंबईच्या धक्क्यावरून जहाजात. आमचे मामंजी सांगतात, त्यांच्या लहानपणीदेखील हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग रात्रभर हलत नसे, आणि गाडीखालीच निजावे लागे.

यात आपल्याला काय मिळाले, हे मात्र इतिहासकार थोडक्यात आटोपतात. नगद पैसा आला, हे खरे. पण ज्वारीच्या रानात कापूस चढला. १८९९-१९०० च्या छपन्न सालच्या दुष्काळाने वऱ्हाडात हाहाकार केला, तेव्हा घरात पेव रिकामे होते आणि कापूस काही खाता येत नाही. भाव ठरविणारा मुंबईत, त्याचा भाव ठरविणारा लिव्हरपूलला, आणि निंदण-वेचण करणारी बाई आपल्या शिवारात. वेचणीच्या दिवसांत बोटांना बोंडाच्या काट्या लागून कशी रक्ताळतात, हे आपल्यापैकी निम्म्याजणींना ठाऊक आहे.

पुढचे थोडक्यात. मुंबईत १८५४ पासून गिरण्या उभ्या राहू लागल्या. १८९६ मध्ये तेथे प्लेग आला. १४ एप्रिल १९४४ रोजी धक्क्यात एका जहाजाला आग लागली. त्यात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र भरल्या होत्या. स्फोट असा झाला की शेकडो माणसे मेली आणि जहाजातील सोन्याच्या विटा दूरवर घरांवर जाऊन पडल्या. १९४६ च्या फेब्रुवारीत नौदलाच्या खलाशांनी बंड केले. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गोऱ्यांची शेवटची पलटण गेट वे ऑफ इंडियाच्या कमानीतून जहाजावर चढली. २८७ वर्षांपूर्वी लिहिलेले आंदण त्या दिवशी फिटले.

तरीही मुंबई कोणाची, हा वाद उरलाच. राज्यपुनर्रचनेत ती महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचे घाटत होते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, लढा पेटला, शंभरावर माणसे हुतात्मा झाली; चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातील अर्थमंत्रिपद सोडले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला बुलढाणा जिल्हा विदर्भासह मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. आंदण, भाडे, तह, गहाण यांवाचून, लोकांनी मागून घेतलेली मुंबई ती ही पहिली.

गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या. शिवडीकडे 'कॉटन ग्रीन' नावाचे स्टेशन आहे. माझ्या नणंदेकडे गेले असता मुद्दाम तेथे उतरले. कापसाची मोठमोठी गोदामे होती ती जागा ही, पण स्टेशनाबाहेर चहा विकणाऱ्या पोराला त्या नावाचा अर्थ ठाऊक नव्हता. १२ जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे जिजाऊंच्या जन्मदिवशीच, शिवडीहून समुद्रावरून पलीकडे जाणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला.

आणि कोळी? ते आहेत. वरळीच्या कोळीवाड्यातून होड्या अजून समुद्रात जातात. किनाऱ्यालगतच्या नव्या रस्त्याचा पूल तेथे होऊ लागला, तेव्हा दोन खांबांमध्ये ६० मीटर जागा ठेवावयाची होती. वादळात तेवढ्यातून होडी काढता येत नाही, असे कोळ्यांनी सांगितले. काम अडवून धरले, बैठकांवर बैठका झाल्या, आणि शेवटी त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर ते अंतर १२० मीटर करणे सरकारला भाग पडले.